ओफ्रा हाझा : आईची गाणी जगापुढे नेणारी गायिका

(वर्धापनदिनाच्या महिला सभेत केलेले भाषण)



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी काही वक्ती नाही. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, १९८२ साली आलिया केली आणि निवृत्त होईपर्यंत वॉर्डातच दिवस गेले. गाण्यातलेही मला फारसे कळत नाही. तरी आज एका गायिकेविषयी बोलणार आहे, कारण तिच्या आयुष्यातून आपण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तिचे नाव ओफ्रा हाझा.

ओफ्राचा जन्म १९ नोव्हेंबर १९५७ रोजी तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत झाला. आईबाप येमेनहून आलेले, नऊ भावंडांत ही धाकटी. वस्ती गरिबांची. नाव ‘आशा’, पण बाहेरचे लोक त्या वस्तीकडे नाक मुरडूनच पाहत. आई लग्नाकार्यात गाणारी, त्यामुळे गाणे घरातच होते. बाराव्या वर्षी ती वस्तीतल्याच नाटक मंडळीत गेली. तिथे बेझालेल अलोनी यांनी तिचा गळा ओळखला, आणि पुढे तेच तिचे व्यवस्थापक झाले.

मी तिला प्रथम पाहिले ते टी.व्ही.वर, एप्रिल १९८३ मध्ये. मी उलपानमध्ये हिब्रू शिकत होते. युरोव्हिजन स्पर्धा त्या वर्षी जर्मनीत म्युनिकला होती, जिथे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या संघातले ११ जण मारले गेले होते. त्याच शहरात या मुलीने ‘खाय’ हे गाणे म्हटले. आम्ही मराठी मुली आधी हसलो, कारण आपल्या कोकणात ‘खाय’ म्हटले की पानावर बसायचे! पण बाईंनी अर्थ सांगितला, ‘खाय’ म्हणजे जिवंत, आणि मग कोणी हसले नाही. ओफ्राचा दुसरा नंबर आला, पहिल्यापेक्षा अवघे ६ गुण कमी.

एवढे नाव झाल्यावर दुसरी कोणी असती तर त्याच वाटेने गेली असती. ओफ्राने १९८४ साली येमेनी गाण्यांची रेकॉर्ड काढली. त्यात सतराव्या शतकातले येमेनचे कवी रब्बी शालोम शाबाझी यांची पदे होती. येमेनचे यहुदी ही पदे तांब्याचे तबक नाहीतर पत्र्याचा डबा वाजवून गात. तो डब्याचा ठेका तिने तसाच ठेवला आणि जोडीला आजचे वाद्यवृंद घेतले. पुढे ‘इम निनआलू’ या पदाला नाचाच्या संगीताची जोड दिली, आणि १९८८ साली ते जर्मनीत पहिल्या नंबरवर गेले. शब्द न कळणारी तरुण पोरे एका रब्बीच्या पदावर नाचत होती! १९९२ च्या ‘किर्या’ रेकॉर्डला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. १९९८ साली ‘प्रिन्स ऑफ इजिप्त’ या चित्रपटात ती मोशेची आई योखेवेद झाली आणि आपले गाणे पंधराहून अधिक भाषांत गायली.

काही जण म्हणत, ही सरमिसळ कशाला? मी म्हणते, आपल्या वाडवडिलांनी काय केले? १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तन सुरू केले. थाट हरिदासाचा, भाषा मराठी, आणि आख्यान अब्राहाम-मोशेचे. म्हणून कोणी आपला धर्म सोडला नाही. उलट ज्यांना हिब्रू येत नव्हते त्यांच्या घरात तोरा पोहोचला. ओफ्राने तेच केले.

आता माझी चूक सांगते. आलियाच्या सामानात माझ्या आईने गाण्यांची वही आणली होती. मेंदीची गाणी, हळदीची, एलियाहू हन्नाबीची. “आई, एकदा टेपवर म्हण ना,” असे म्हणायला मला ड्यूटीतून कधी वेळ मिळाला नाही. आई गेली. वही आहे, पण निम्म्या गाण्यांच्या चाली आता कोणालाच येत नाहीत. ओफ्राच्या आईची गाणी जगाने ऐकली, आणि माझ्या आईची माझ्या मुलांनीही ऐकली नाहीत.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण नर्स म्हणून मला ती बोललीच पाहिजे. २३ फेब्रुवारी २००० रोजी तेल हाशोमेरच्या शेबा हॉस्पिटलमध्ये ओफ्रा वारली. वय अवघे ४२. आजार एड्सचा होता. ती असेपर्यंत तो लोकांपासून लपवून ठेवला होता. तिच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्राने तो छापला, आणि छापावा की नाही यावर देशभर वाद झाला. कोणाचा आजार चव्हाट्यावर आणणे मला पटत नाही. पण लपवावेसे का वाटते, हेही विचारायला हवे.

नव्वदच्या दशकात मी एका वॉर्डात होते, तिथे याच आजाराचा एक तरुण होता. घरच्यांनी शेजाऱ्यांना सांगितले होते, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवून वाढणारा निघून जाई. मीही पहिल्या दिवशी दोन-दोन हातमोजे घालून आत गेले. शिकलेली नर्स, आणि तरी! त्याने ते पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. दुसऱ्या दिवसापासून ट्रे मीच आत नेऊ लागले आणि तो जेवेपर्यंत खुर्ची घेऊन बसू लागले. इथे नर्सला ‘अखोत’ म्हणतात, म्हणजे बहीण. मुंबईत आम्हाला ‘सिस्टर’ म्हणत. त्या शब्दाचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

हा आजार हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने होत नाही. १९९६ पासून एकत्रित औषधांचा उपचार आहे. आज वेळेवर तपासणी करून औषध नियमित घेणारा माणूस म्हातारपण पाहतो. औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. तेव्हा लाजेने दार लावून बसण्याचे कारण नाही. हे आपल्या नातवंडांना स्पष्ट सांगा. आपण नाही सांगितले तर कोण सांगणार?

आपल्याला बंद दारांचा अनुभव आहे. आमच्या आधी आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना, आपण पूर्ण यहुदी आहोत हे मान्य करून घ्यायला १९६४ पर्यंत झगडावे लागले. म्हणून तरी कोणा आजाऱ्यापुढे आपण दार लावू नये.

२००७ साली हातिक्वा वस्तीतल्या बागेच्या एका भागाला ओफ्राचे नाव दिले. ज्या वस्तीचे नाव सांगायला लोक लाजत, त्या वस्तीला तिचा अभिमान वाटला.

माझी एकच विनंती आहे. येत्या शाब्बाथनंतर आपापल्या घरी जी कोणी वयस्कर आई, मावशी, आत्या असेल, तिच्याजवळ बसा. नातवंडांच्या फोनमध्ये आता टेपही असते. एक गाणे म्हणवून घ्या. चाल चुकली तरी चालेल. आणि कोणाच्या घरी आजार असेल तर डबा दाराबाहेर ठेवून येऊ नका, आत जा.

परमेश्वर आपणा सर्वांना आरोग्य देवो.  शालोम.