हिशेब मागणे म्हणजे वाटणी मागणे नव्हे

(रावेर येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आज आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही जुनी मॅट्रिक झालेले. उभा जन्म मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेला. अशा माणसाने परदेशांच्या करांवर काय बोलावे, असे कोणासही वाटेल. परंतु निवृत्तीनंतर परदेशी गेलेल्या मुलांचे कागद समजावून घेण्यासाठी पुष्कळ कुटुंबे आमच्याकडे येत असतात. त्यावरून आमच्या ध्यानी आले की, या विषयाचा अर्धा भाग तिकडच्या हिशेबनिसांचा असला, तरी उरलेला अर्धा आपल्या ओसरीवरचा आहे. त्या अर्ध्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

आपली मुले शिकली आणि एच-वन-बी परवान्यावर अमेरिकेस गेली. हा परवाना सामान्यतः ६ वर्षांचा. कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला असेल तर मुदत वाढते. परंतु १९९० च्या तेथील कायद्याने कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस वर्षाच्या कार्डांपैकी ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांबली आहे. कंटाळून अनेकांनी शेजारच्या कॅनडाची वाट धरली. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अशा परवानाधारकांसाठी १०,००० अर्जांची खास सोय केली. ती १६ जुलैस उघडली आणि दोन दिवसांच्या आत भरून गेली. पुढे १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरच्या शुल्काचा हुकूम काढला; तेव्हा ही वाट इतक्यात ओस पडेल असे दिसत नाही.

रावेरचा माणूस बऱ्हाणपुरास राहावयास गेला, तर राज्य बदलते, आयकर बदलत नाही. परंतु डेट्रॉइटचा माणूस नदी ओलांडून पलीकडच्या विंडसरला बिऱ्हाड नेतो, तेव्हा त्याचे सरकार, त्याचे कायदे आणि त्याचा कर, सारेच बदलते. स्थलांतराच्या त्या एका वर्षात त्याला बहुधा दोन विवरणपत्रे भरावी लागतात: अमेरिकेचे १५ एप्रिलपर्यंत आणि कॅनडाचे ३० एप्रिलपर्यंत. अमेरिकेत पतिपत्नी एकत्र विवरणपत्र भरू शकतात. कॅनडात ज्याचे त्याने वेगळे. अमेरिका परक्या माणसाचे मुक्कामाचे दिवस मोजते; कॅनडा प्रथम पाहते ते त्याचे घर, बायकोमुले आणि व्यवहार कोठे आहेत ते. शिवाय तिकडे जन्मलेले नातवंड जन्मानेच अमेरिकेचे नागरिक असते. ते मोठे होऊन कोठेही कमावू लागले, तरी अमेरिकेचा त्याच्यावरील हक्क सुटत नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्याने तर ते रीतसर परत केल्याखेरीज आपण मोकळे झालो असे समजू नये.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून देशादेशांत करार झालेले आहेत. अमेरिका आणि कॅनडा यांचा १९८० चा, भारत आणि अमेरिका यांचा १९८९ चा, भारत आणि कॅनडा यांचा १९९६ चा. एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात मिळते, हे त्यांचे सार. परंतु करार कराचे ओझे हलके करतो, हिशेब देण्याचे कर्तव्य तो काढून घेत नाही.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. १८८६ च्या कायद्याने हे उत्पन्न वगळले. पुढे राज्यघटनेने शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना दिला, केंद्राला नव्हे. १९६१ च्या आयकर कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही ही सूट कायम आहे. म्हणून केळीच्या पैशाचा आयकराशी संबंध नाही, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाडीमासी मुरले आहे. ते येथे खरे आहे. टोरांटोत किंवा न्यू जर्सीत खरे नाही. हे दोन्ही देश आपल्या रहिवाशाचे साऱ्या जगातील उत्पन्न मोजतात. त्यात रावेरची केळीही आली आणि रावेरच्या बँकेतील ठेवीचे व्याजही आले. त्यातही मौज पाहा: व्याजावर येथे कर कापला जातो, म्हणून त्याची वजावट तिकडे मिळू शकते, केळीवर येथे कर नाही, म्हणून वजावटीला काहीच उरत नाही.

केवळ उत्पन्नाचीच नव्हे, मालमत्तेचीही वर्दी द्यावी लागते. अमेरिकेचा करदाता वर्षातील कोणत्याही दिवशी परदेशी खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर गेला, तर त्याने ती खाती कळविली पाहिजेत. बापाच्या संयुक्त खात्यात त्याचे नाव असले, तर तेही खाते धरले जाते, त्यातील एक रुपयाही त्याने काढलेला नसला तरी. कॅनडात उत्पन्न देणाऱ्या परदेशी मालमत्तेची एकूण किंमत १,००,००० कॅनडी डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे साठ लाख रुपयांच्या वर असली, तर टी-११३५ हा फॉर्म द्यावा लागतो. नव्या रहिवाशास पहिल्या वर्षापुरती यातून सवलत आहे. उशीर झाला तर दर दिवशी २५ डॉलर, कमाल २,५०० डॉलर दंड. आपल्याकडच्या बागाईत जमिनीचे भाव पाहता साठ लाख हा आकडा चार-दोन एकरांतच गाठला जातो, हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको.

एका कुटुंबाची हकीकत नाव न घेता सांगतो. थोरले बंधू घरी केळी करतात, धाकटे अमेरिकेहून कॅनडात गेलेले. वडिलांच्या पश्चात सात-बाऱ्यावर दोघांची नावे लागली. एके वर्षी धाकट्याने पत्राने सात-बाऱ्याचा उतारा, जानेवारी ते डिसेंबर या काळातील केळीच्या विक्रीचे आकडे आणि खातेपुस्तकाची प्रत मागितली. थोरल्यांनी ते पत्र वाचले आणि घडी घालून ठेवून दिले. 'आज हिशेब मागतो, उद्या वाटणी मागेल', असे त्यांनी मनाशी धरले. सहा महिने भावाभावांत बोलणे नाही. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीने ते पत्र आमच्याकडे आणले. आम्ही थोरल्यांस बोलावून ते ओळीओळीने समजावून दिले. तेव्हा कळले की, येथला व्यवहार कोठेच लिहिलेला नसल्याने तिकडच्या हिशेबनिसाने निम्मे उत्पन्न धाकट्याचे धरले होते, आणि जो पैसा त्याने कधी पाहिलाही नाही, त्यावर तो दोन वर्षे मुकाट्याने कर भरीत होता. थोरले बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, म्हणजे मी पिकवलेल्या केळीचा कर तो तिकडे भरतो, आणि मी त्यालाच चोर समजत होतो?"

बंधूंनो, कायद्याची कलमे हिशेबनीस सांगेल. परंतु हा गैरसमज कोणत्याही देशाचा करार दूर करू शकत नाही. तो आपणच दूर केला पाहिजे. त्यासाठी पाच गोष्टी सुचवितो.

पहिली. आपले वर्ष आखाजीला सालदाराच्या हिशेबाबरोबर पुरे होते, सरकारचे मार्चअखेर, आणि त्या दोन्ही देशांचे डिसेंबरअखेर. तेव्हा मृगबाग असो की कांदेबाग, घड कोणत्या तारखेला कापला, भाव काय मिळाला, खते, मजुरी व पाणी यांस काय लागले, हे तारखेनिशी एका वहीत लिहावे आणि जानेवारीत त्याची नक्कल मुलास पाठवावी.

दुसरी. शेत कोण कसतो, खर्च कोणाचा, पीक कोणाचे, बटाई आहे की खंड, हे कागदावर आणावे. मात्र जे घडते तेच लिहावे. कर वाचविण्यासाठी खोटा कागद करणे म्हणजे मुलाच्या गळ्यात धोंड बांधणे होय. आपल्या कायद्यात एकत्र कुटुंब हा स्वतंत्र करदाता आहे. तिकडच्या कायद्यात तसा कोणी नाही. तेथे प्रत्येक रुपयास एक धनी लागतो.

तिसरी. मुलास विचारल्याखेरीज त्याचे नाव कोणत्याही खात्यात किंवा ठेवीत घालू नये. परदेशी स्थायिक झालेल्याचे साधे बचत खाते १९९९ च्या परकीय चलन कायद्यान्वये अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. ते राहिले असेल तर बँकेत जाऊन आधी उरकावे.

चौथी. ज्या दिवशी मुलगा कॅनडाचा रहिवासी झाला, त्या दिवशीची त्याच्या नावच्या जमिनीची किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून लिहून घ्यावी. पुढे जमीन विकली तर कॅनडा त्या दिवसानंतरच्या वाढीवरच कर धरते. अमेरिकेत मात्र सामान्यतः मूळ खरेदीची किंमत पाहतात, म्हणून जुने खरेदीखतही जपावे.

पाचवी. गावाकडील ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर येथे भांडवली नफ्याचा कर नाही, म्हणून तिकडेही नसेल, असे समजू नये. शिवाय अनिवासी भारतीयास वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही, आणि विकावयाची तर येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागते. सौदा ठरण्याआधी मुलाने तिकडच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

सरकारी खात्याची रीत 'बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर' अशी असते. पुरावा नाही तर दंड. बँकांची माहिती आता देशोदेशीची सरकारे एकमेकांस कळवीत असतात. २०१५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करारही झाला. तेव्हा लपविण्यात अर्थ नाही आणि शोभाही नाही.

ज्या कुटुंबाने पुढे पैसे काढून लेकरू सातासमुद्रापार धाडले, त्याने एका वहीच्या नकलेवरून ते लेकरू गमावू नये. यंदा जानेवारीत मुलाचे पत्र येण्याची वाट न पाहता वडिलांनी, थोरल्या भावाने, आपण होऊन हिशेब पाठवावा. कोणास लिहिण्यास अडचण असेल, तर रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. वही घेऊन यावे.