पंच्याऐंशी टक्क्यांची किंमत काय उरली?

मी चुडाव्याहून बोलतोय. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. दहावीचा निकाल लागला की आमच्याकडं आधी पेढे वाटतात. आठ-पंधरा दिवसांनी तेच आईबाप विचारायला येतात, "पोराला पंच्याऐंशी टक्के आहेत, तरी पाहिजे ते कॉलेज का लागत नाही?" आज यावरच बोलू.

आधी आकडे. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये तो 77.10 वर आला आणि 2020 मध्ये 95.30 वर गेला. आता एका वर्षात पोरं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार, असं होतं का? नाही. बदलली ती मोजपट्टी.

2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे 20 अंतर्गत गुण काढून टाकले होते. हे गुण शाळेच्या हातातले, आणि आपल्याच पोराला कमी कोण देणार? ते गेले तसा निकाल खाली आला. शंभर टक्के मिळवणारे राज्यात फक्त 20 उरले. मग ओरड झाली की सीबीएसईच्या पोरांना अंतर्गत गुण मिळतात, आमच्यांना नाहीत, अकरावीला आमची पोरं मागं पडतील. ओरड चुकीची नव्हती. गुण परत आले. 2020 ला भूगोलाचा पेपर कोरोनामुळं रद्द झाला, त्याचे गुण सरासरीनं दिले, आणि शंभर टक्केवाले झाले 242.

त्यात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे, म्हणजे सहापैकी सगळ्यात कमी मार्कांचा विषय सोडून टक्केवारी. वरून कला-क्रीडेचे वाढीव गुण. यातली एकेक सवलत वेगळी बघितली तर योग्यच वाटते. पण सगळ्या एकावर एक रचल्या की वरच्या टोकाला गर्दी होते.

2021 ला तर परीक्षाच झाली नाही. नववीचे 50, दहावीच्या शाळेतल्या चाचण्यांचे 30 आणि अंतर्गत 20, असा हिशोब लावला. निकाल 99.95 टक्के. अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं, ती मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये रद्द केली. म्हणजे ज्या मार्कांवर सरकारचाच भरवसा नव्हता, त्यांच्यावरच प्रवेश झाले.

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या हार्वर्डनं 2025 मध्ये स्वतःच अहवालात सांगितलं की तिथं दिलेल्या ग्रेडपैकी सुमारे 60 टक्के 'ए' आहेत. वीस वर्षांपूर्वी ते प्रमाण पावभागाच्या आसपास होतं. प्रिन्स्टननं 2004 मध्ये 'ए' ग्रेड 35 टक्क्यांच्या आसपास ठेवायचं धोरण आणलं आणि 2014 मध्ये सोडून दिलं. एकट्यानं हात आखडला की आपलीच पोरं मागं पडल्यासारखी दिसतात. आपल्या मंडळाला 2019 ला आलेला अनुभव तोच.

"मार्क जास्त मिळाले तर बिघडलं कुठं?" असं कोणी म्हणेल. बिघडतं ते इथं, चुडाव्यासारख्या गावात. पूर्वी गुणपत्रिका हे गरिबाच्या पोराचं एकमेव ओळखपत्र होतं. शिफारस नको, पैसा नको, मार्क दाखवा. आता तो कागद सगळ्यांचा सारखाच दिसायला लागला, म्हणून निवडणाऱ्यांनी दुसरी चाळणी लावली. मेडिकलला नीट, इंजिनिअरिंगला सीईटी. त्या चाळणीची तयारी गावच्या शाळेत होत नाही. त्यासाठी नांदेड नाही तर लातूर गाठावं लागतं. क्लासची फी, खोलीभाडं, मेस. म्हणजे कागदावरचे मार्क फुकट वाढले, आणि त्यांची किंमत बापाला सोयाबीन विकून चुकवावी लागते.

दुसरं नुकसान पोराचं. पंच्याऐंशी म्हणजे आपण खूप पुढं, असं त्याला वाटतं. खरी जागा कळते दोन वर्षांनी, नीटच्या निकालात. तोवर वेळ आणि पैसा दोन्ही गेलेले असतात.

मार्क कमी करा, असं मी म्हणत नाही. पोरांनी काय घोडं मारलंय? माझं मागणं साधं आहे. गुणपत्रिकेवर टक्क्यांशेजारी पर्सेंटाइल छापा, म्हणजे राज्यात किती पोरं याच्या मागं आहेत ते कळेल. सगळ्यात वरच्या गर्दीत त्याचा फार उपयोग नाही, पण मधल्या पोराला आपली जागा तरी दिसेल.

आणि आईबापांनो, तोवर एक करा. पेढे वाटाच, पोरानं कष्ट केलेत. पण नंतर शाळेत जाऊन सरांना विचारा, "लेखीत किती, अंतर्गतमध्ये किती? आणि सोडलेला सहावा विषय कोणता?" तो विषय गणित किंवा विज्ञान असेल, तर सायन्सची फी भरण्याआधी घरात बसून पोराशी बोला.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात काय चाललंय ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.