सांगानेरचा कागद आणि शिक्षकाची वही

छापखान्यातून निघालेली दैनंदिनी १ जानेवारीला उघडते आणि ३१ डिसेंबरला मिटते. महाराष्ट्रातील शिक्षकाचे वर्ष मात्र जून महिन्यात, पावसाच्या तोंडावर सुरू होते. त्याला हवे असतात ते रकाने वेगळेच: कोणता धडा कोणत्या आठवड्यात, कोणत्या मुलाची हजेरी ढासळली, कोणाच्या घरी एकदा जाऊन यावयास हवे. बाजारातील दैनंदिनीला या गोष्टींची वार्ता नसते. म्हणून हस्तकला शिकविणारे कित्येक शिक्षक आपली वही आपणच बांधतात. आणि एकदा हात बसला म्हणजे शेजारच्या वर्गावरच्या बाईंसाठी, मग एखाद्या डॉक्टरांसाठी, एखाद्या गृहिणीच्या हिशेबासाठी, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वह्या करून देऊ लागतात. वहीतून उरलेल्या कागदाची शुभेच्छापत्रे होतात. पाहणाऱ्याला हा फावल्या वेळचा छंद वाटतो. परंतु या छंदाचे नाते एका फार जुन्या धंद्याशी आहे, आणि त्या धंद्याचे एक मोठे ठाणे जयपूरला लागून असलेल्या सांगानेरात आहे.

सांगानेर हे नाव महाराष्ट्रातील गृहिणींना छापील कापडामुळे परिचित असते. त्याच गावात कागजी आडनावाच्या मुसलमान घराण्यांची वस्ती आहे. आडनावानेच त्यांचा व्यवसाय सांगितलेला आहे. आंबेरच्या राजा मानसिंगाच्या काळी, सोळाव्या शतकात, ही घराणी तेथे वसली, अशी परंपरा सांगितली जाते. मराठी मुलखाला हा प्रकार अपरिचित नव्हता. जुन्नर येथे आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात असेच कारागीर होते, आणि मराठेशाहीच्या दप्तरांत त्यांच्या हातचा कागद आजही रुमालांत बांधलेला सापडतो.

सांगानेरच्या कागदाची मुख्य गिऱ्हाइके दोन: दरबार आणि व्यापारी. मारवाडी व्यापाऱ्याची बही लांबट, एका टोकाशी दोऱ्याने शिवलेली आणि लाल कापडाच्या वेष्टणाची असे. तिच्यात शाईने रेघा आखीत नसत. कागदाला उभ्या घड्या घालून सळ पाडावयाचे; त्या सळांनीच जमाखर्चाचे रकाने होत. बहीचे वर्ष व्यापाऱ्याच्या वर्षाबरोबर, दिवाळीला सुरू होई. सावकाराची बही निराळी, संस्थानी खात्याची निराळी. बिकानेर येथील राज्य अभिलेखागारात अशा संस्थानी बह्यांचा मोठा संग्रह आहे. ज्याच्या कामासाठी वही, त्याच्या मापाने ती बांधावयाची, ही कल्पना आज नवी म्हणून विकली जात असली, तरी सांगानेरच्या बाजारात ती शेकडो वर्षे रुळलेली होती.

हा कागद होतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. त्याला लाकूड लागत नाही. पूर्वी तागाचे जुने दोर, गोणपाट आणि चिंध्या वापरीत. आता मुख्यतः सुती कापडाच्या कारखान्यांतील कात्रणे वापरतात. कात्रणे निवडावयाची, बटणे आणि शिवणी काढून टाकावयाच्या, बारीक तुकडे करून ते पाण्यात कुटावयाचे. पूर्वी हे कुटणे पायाने चालणाऱ्या ढेंकीने होई, आता यंत्राने होते. लगदा हौदात पाण्याशी कालवला, की खरी कसोटी लागते. कारागीर चौकटीवर गवताच्या काड्यांची विणलेली चटई ठेवतो, ती हौदात बुडवून आडवी उचलतो आणि उचलता उचलता दोन्ही दिशांना हलकासा हेलकावा देतो. त्या एका हेलकाव्याने तंतू एकमेकांत गुंततात. हात किंचित अडखळला, तर ताव एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस विरविरीत होतो. ओले ताव एकावर एक रचून दाबतात, वाळवितात, त्यांना खळ देतात आणि अखेर घोटतात. जुना कारागीर गुळगुळीत दगडाने घोटी. खळीवाचून कागद शाई पिऊन टाकतो, आणि घोटल्यावाचून बोरू त्यावर अडखळतो. काही कारखान्यांत आता फिरत्या नळकांड्यावर ताव उठवितात. तेथे वेग वाढतो, परंतु तो हेलकावा नाहीसा होतो.

यंत्राचा कागद धावत्या जाळीवर तयार होत असल्याने त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला निजतात. म्हणून तो एका बाजूने सरळ फाटतो व दुसऱ्या बाजूने वाकडातिकडा. हातकागदाला असा एकच कल नसतो. वही बांधणाऱ्याला याचे मोल कळते, कारण घडी कोणत्याही बाजूने घातली तरी कागद फारसा कुरकुरत नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र या धंद्यावर दुहेरी घाला पडला. टीटागढची गिरणी १८८२ साली निघाली. तिच्यासारख्या गिरण्यांचा कागद स्वस्त आणि एकसारखा होता. त्याच शतकात सरकारने तुरुंगांतील कैद्यांकडून कागद करवून घेतला आणि तो कचेऱ्यांना पुरविला. कचेरी गेली, दरबार आटला, व्यापाऱ्याने गिरणीच्या कागदाच्या वह्या घेतल्या. कागदी घोडे नाचविण्यासाठी सरकारला लागणारा कागद मोजण्यापलीकडे वाढत होता, आणि नेमक्या त्याच वेळी कागजींचे हौद कोरडे पडत होते.

त्या पडत्या काळात मदत आली ती एका अर्थी शिक्षकांकडून. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. के. बी. जोशी यांनी या विषयावर लिहिलेले पुस्तक संघाने प्रसिद्ध केले. बापाने मुलाला हौदाशी उभे करून शिकवावयाची विद्या पुस्तकात उतरली, हा बदल लहान नव्हे. कागजीच्या घरी न जन्मलेला माणूसही आता कागद शिकू शकत होता. जोशी यांनीच पुढे १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभारली. शिवाजीनगरातील तिच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. दरम्यान १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली, आणि हाताचे काम शाळेच्या मध्यभागी आणावे असा आग्रह धरला गेला. पुढे कित्येक अध्यापन विद्यालयांतून कागदकाम व पुठ्ठाकाम शिकविले जाऊ लागले. नई तालीम जशी योजिली होती तशी टिकली नाही, हे मान्य करावे लागेल. कातरी, खळ आणि पुठ्ठा मात्र शाळेत राहिले. सांगानेर येथे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हातकागदाची राष्ट्रीय संस्था निघाली, तेव्हा तिला कुमारप्पांचेच नाव देण्यात आले.

तथापि संस्थांनी विद्या वाचविली तरी गिऱ्हाईक आणता आले असते असे नाही. सांगानेरचा धंदा पुन्हा उभा राहिला तो कागद विकून कमी, आणि कागदाच्या वस्तू विकून अधिक: वह्या, पाकिटे, पेट्या, पिशव्या, शुभेच्छापत्रे. परदेशी बाजारपेठेचा यात मोठा वाटा आहे. त्यासाठी लगद्यात फुलांच्या पाकळ्या, गवत, रेशमाचे धागे घालू लागले. असा कागद भिंतीवर शोभतो, पण लिहिणाऱ्याचा तो वैरी आहे. पाकळी आली की टाक उडी मारतो. जाणता शिक्षक असा ताव वेष्टणाला वापरतो आणि आत साधा, खळ दिलेला कागद घालतो.

वहीचे कौशल्य दिसत नाही अशा जागी असते. तावांच्या घड्या घालून त्यांचे जुडगे करावयाचे, पाठीशी समान अंतरावर टोचे मारावयाचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकांत गुंफीत शिवावयाचे. दोरा सैल राहिला तर वही दिवाळीपर्यंत सुटते. अती ओढला तर कागद कापतो. जुने बांधणीकार खळीत मोरचूद घालीत, कारण गव्हाची खळ झुरळांना आणि कसरीला आवडते. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती ती खळ देऊ नये, हे सांगावयास हवे. शुभेच्छापत्राचा जाड कागद तर तसाच दुमडूच नये. आधी बोथट हाडाने किंवा सळईने घडीची रेघ दाबून घ्यावी, नाहीतर घडीवर कागद चिरतो आणि सगळी शोभा तेथेच संपते.

छापील शुभेच्छापत्रांचा जन्म लंडनचा. हेन्री कोल यांनी नाताळसाठी पहिले व्यापारी पत्र १८४३ साली काढविले. महाराष्ट्रात त्यांची जागा संक्रांतीच्या आणि दिवाळीच्या भेटपत्रांनी घेतली. दूरध्वनीच्या पडद्यावरून शुभेच्छा फुकट जाऊ लागल्यावर छापील पत्रांची सद्दी सरली. हाताने केलेले पत्र मात्र पेटीत जपून ठेवले जाते, कारण ते एकाच माणसासाठी केलेले असते आणि घेणाऱ्याला ते कळते.

राहतो प्रश्न मोलाचा, आणि तो अवघड आहे. एक वही शिवण्यास संध्याकाळ जाते. शिक्षक कागदाचे, पुठ्ठ्याचे आणि दोऱ्याचे पैसे मोजतो, संध्याकाळ मात्र हिशेबात धरीत नाही; पगार असल्याने त्याला ते परवडते. सांगानेरच्या हौदाशी उभ्या राहणाऱ्या कारागिराला ते परवडत नाही. त्याची रोजची मजुरी तावाच्या किमतीतूनच निघावयाची असते, आणि त्याची वही दुकानात शिक्षकाच्या त्या फुकटच्या संध्याकाळीशी तुलना होऊन महाग ठरते. म्हणून जो शिक्षक वहीच्या पहिल्या पानावर आपल्या वेळेची किंमत लावून मगच दर सांगतो, तो गिऱ्हाइकाला थोडा रुक्ष वाटला, तरी कागजीच्या बाजूने बोलत असतो. वही बांधून झाल्यावर कडांची कात्रणे उरतात. तीही तो टाकीत नाही. टोपलीत साठवितो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बादलीभर पाण्यात भिजत घालतो.