अर्ज लिहा, पोच घ्या



माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. हाक मारली तरी तो ओ देत नाही. शाळेची घंटा झाली की कान झाकून रडतो. कोणी म्हणाले, वेडा आहे. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. डॉक्टरांनी सांगितले, ही स्वमग्नता. मेंदूची घडणच वेगळी असते. आईच्या लाडाने किंवा माराने ती होत नाही.

गुरुजी म्हणाले, "बाई, याला घरीच ठेवा." मी रडत परत आले. मागाहून कळले, असे सांगता येत नाही. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तर स्वमग्नतेचे नावच घातले आहे. दाखल्यावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. जवळची शाळा की खास शाळा, हे आपण ठरवायचे.

पण तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. म्हणून वर्गात शिकलेल्या अक्षरांनी मी अर्ज लिहिला. भांडले नाही. तीनच गोष्टी मागितल्या: घंटेपासून लांब जागा, दिवसभराचा क्रम चित्रांतून, आणि एका वेळी एकच सूचना. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही व शिक्का घेतला.

आता तो शाळेत बसतो. बोलत नाही अजून. पण तहान लागली की पाण्याचे चित्र दाखवतो.

तुम्हालाही आता लिहिता येते. ते लेकरांच्या कामी येऊ द्या.