गल्लीचं व्याकरण

अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षाने ये-जा करणाऱ्यांना जे. बी. नगरची कोंडी सांगायला नको. डोक्यावर मेट्रो, तिच्याही वर विमान, खाली हॉर्नचा कल्लोळ. परवा तिथेच अडकलो होतो. शेअर रिक्षात शेजारचा मुलगा दांडीवर बोटांनी ठेका धरून पुटपुटत होता. एक ओळ काही केल्या बसेना. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अडखळला. मग एक शब्द बदलला आणि ओळ ठेक्यात चपखल बसली.

याच जे. बी. नगरात विवियन फर्नांडिस आजीच्या हाताखाली वाढला. गाणी स्वतः लिहून गाणारा हा रॅपर म्हणजे आजचा 'डिवाइन'. शाळेत एका मित्राच्या टी-शर्टवर त्याने फिफ्टी सेंट हा अमेरिकन रॅपर पाहिला आणि तिथून हा नाद लागला. 'मुंबईज् फायनेस्ट' या चमूतून त्याने सुरुवात केली. आधी तो इंग्रजीत लिहायचा. मग हिंदीकडे वळला, आणि माझ्या मते त्याच्यातला कवी तेव्हा जागा झाला. ती हिंदी पुस्तकातली नव्हती, नाक्यावरची होती.

2015 साली त्याने नेझी या रॅपरबरोबर 'मेरे गली में' हे गाणं केलं. एक अंधेरीचा, एक कुर्ल्याचा. दोघांना जोडणारा हाच रस्ता. हिंदीचे गुरुजी म्हणतील, गली स्त्रीलिंगी, 'मेरी' हवं. आपल्या मराठीतही गल्ली 'माझी'च. पण इथे असंच बोलतात, आणि त्याने ते दुरुस्त केलं नाही याचं मला फार कौतुक आहे.

मेट्रोच्या वाटेने पुढे गेलं की घाटकोपर. तिथे चिरागनगरात शाहीर अण्णा भाऊ साठे राहायचे. 'मुंबईची लावणी' लिहिताना त्यांनीही कष्टकऱ्यांच्या तोंडचीच भाषा घेतली होती. डफ गेला, बीट आली. शाहीर आणि रॅपर यांना मी एकाच पंगतीत बसवतो.

2019 मध्ये झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट आला. त्याची प्रेरणा डिवाइन आणि नेझी यांच्या आयुष्याची. त्यातल्या एका गाण्यात न्यूयॉर्कचा रॅपर नास डिवाइनसोबत आहे. त्याच वर्षी 'कोहिनूर' हा डिवाइनचा अल्बमही निघाला.

साकीनाक्याला तो मुलगा उतरू लागला, तेव्हा न राहवून विचारलं, "कुठला शब्द बदललास रे?"

"काका, आधी 'आकाश' होतं. 'पत्रा' केलं."