परक्या शहरांतील ओळखपाळख

पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान लोहमार्गावर चुडावा नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे. गांव परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांत मोडतें. अशा स्टेशनावरून शहराकडे निघणाऱ्या तरुणाजवळ पूर्वीं एक वळकटी, एक ट्रंक आणि खिशांत एक चिठ्ठी असावयाची. चिठ्ठी मामाची, शाळेंतील गुरुजींची किंवा गांवच्या कुळकर्ण्यांची. पत्ता शहरांतील एखाद्या गांवकऱ्याचा. आज चिठ्ठीची जागा दूरध्वनीच्या क्रमांकानें घेतली आहे, एवढाच फरक. त्या चिठ्ठीनें चार दिवस डोकें टेकण्याची सोय होते. परंतु धंद्यांत पाय रोवण्याची सोय तिनें होत नाहीं, आणि पुष्कळांची गफलत होते ती नेमकी येथेंच. पहिल्या चार दिवसांचा आश्रय हेच ते जन्माचें भांडवल समजून बसतात.

चुडाव्याच्या माणसाला शहर म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ हैदराबादच होतें. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत; वरिष्ठ न्यायालय, मोठ्या कचेऱ्या आणि उच्च शिक्षण हीं सर्व हैदराबादेंत. त्या शहरांत जाऊन नांव मिळविलेल्या परभणीकडील मंडळींत केशवराव कोरटकरांचें उदाहरण लक्षांत घेण्यासारखें आहे. 1867 सालीं पुरजळ येथें त्यांचा जन्म झाला. हें गांव तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें. आज तें हिंगोली जिल्ह्यांत येतें. गुलबर्ग्यास वकिली करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हैदराबादेस गेले, आणि पुढें तेथील हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

परगांवच्या वकिलाला हैदराबादेंत काम मिळावें कसें? त्या काळच्या व्यवहाराची रीत पाहिली म्हणजे याचा उलगडा होतो. अपील जिल्ह्यांतून वर येतें. पक्षकार शेतकरी, राजधानींतील कोणता वकील बरा हें त्याला ठाऊक नसतें. तो विचारतो आपल्या जिल्ह्याच्या वकिलाला, आणि तो सुचवील त्याच्याकडे कागद जातात. म्हणजे राजधानींतील वकिलाचा खरा आधार मागें राहिलेल्या लहान गांवांतील समव्यवसायी मंडळींचा असतो. शहरांत गेल्यावर जिल्ह्याशीं पत्रव्यवहार तोडणारा माणूस आपलीच विहीर बुजवितो. शिवाय भाषेचा प्रश्न होता. 1880 नंतरच्या दशकांत संस्थानच्या कारभारांत फारशीची जागा उर्दूनें घेतली. खेड्यांतला जुना दस्तऐवज मोडींत, वकिलाचें बोलणें उर्दूंत. मोडी वाचून उर्दूंत बाजू मांडणारा मनुष्य दोन्ही बाजूंना हवासा वाटला, यांत नवल नाहीं.

पण केशवरावांच्या जीवनाची दुसरी बाजू याहून बोधप्रद वाटते. हैदराबादेंत विवेकवर्धिनी ही मराठी शाळा 1907 सालीं निघाली. तिच्या उभारणींत केशवराव होते, वामनराव नाईक होते. आर्य समाजाच्या कार्यांतहि ते अग्रेसर होते, आणि तेथें मराठी मंडळींच्या पलीकडील माणसांशीं रोजचा संबंध येई. हीं कामें त्यांनीं ओळखी वाढविण्यासाठीं केलीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु शाळेची वर्गणी गोळा करतांना, जागेसाठीं खेटे घालतांना, हिशेब तपासतांना माणूस जसा दिसतो तसा तो दिवाणखान्यांतील चहाच्या पेल्यावर दिसत नाहीं. वेळेवर येतो कीं नाहीं, पैशाला स्वच्छ आहे कीं नाहीं, मतभेद झाला तर कसा वागतो, हें सर्व चारचौघांना न सांगतां कळतें. पुढें त्यांतीलच एखादा आपलें काम विश्वासानें हातीं देतो.

या गोष्टीचा पडताळा फार दूरच्या देशांत मिळाला. अमेरिकेंतील बॉस्टनजवळच्या न्यूटन गांवीं मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानें नोकरी बदललेल्या सुशिक्षित लोकांची पाहणी केली आणि 1973 सालीं तिच्यावर निबंध लिहिला. ओळखीच्या द्वारें नोकरी मिळालेल्यांपैकीं अवघ्या 16.7 टक्क्यांची ती ओळख नेहमींच्या भेटींतली होती. 55.6 टक्क्यांची कधींमधीं भेटणाऱ्याची, आणि 27.8 टक्क्यांची क्वचितच भेटणाऱ्याची! पाहणी लहान होती. तरी तिचें कारण सहज पटतें. एकाच खोलींत राहणाऱ्यांना एकाच बातम्या ठाऊक असतात. गिरगांवांत आणि परळांत कोंकणच्या गांवकऱ्यांनीं चालविलेल्या खोल्यांनीं हजारों माणसांना मुंबईंत आसरा दिला, तें ऋण मोठें आहे. पण सगळे एकाच गिरणींत, म्हणून नवा येणाराहि त्याच गिरणींत.

यापेक्षां जुनी वार लावून जेवण्याची रीत एका अर्थानें अधिक शहाणी होती. सात दिवस सात घरें. कोठें मास्तर, कोठें वकील, कोठें कारकून. मुलगा जेवतां जेवतां सात व्यवसाय पाही. पण तीं सातहि घरें बहुधा एका जातीचीं असत, आणि इतरांना तो उंबरा बंद होता. ज्यांच्या खिशांत चिठ्ठीच नव्हती त्यांचें काय? कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या आश्रयानें 1901 पासून वसतिगृहें निघालीं. पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानें 1909 पासून स्त्रियांना शिक्षणाचा आणि निर्वाहाचा मार्ग दाखविला. मराठवाड्यांत औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांनीं 1950 सालीं महाविद्यालय काढलें. वर्गांतील आणि वसतिगृहांतील सोबती हीच अशा कित्येकांची शहरांतील पहिली ओळख. ती त्यांना वारशानें मिळालेली नव्हती, मिळवावी लागली.

1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि चुडाव्याच्या माणसाची वाट फिरली. कागद आतां मुंबईकडे जाऊं लागले; 1981 सालीं औरंगाबादेस मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ बसलें. हैदराबादेंत दोन पिढ्यांनीं जोडलेल्या ओळखींचा नव्या पिढीला फारसा उपयोग उरला नाहीं. तिला पुण्यांत, मुंबईंत, औरंगाबादेंत (आजच्या छत्रपति संभाजीनगरांत) पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागला, आणि अद्यापि करावा लागतो.

असा आरंभ करणाऱ्यानें पहिल्या भेटींत नोकरी मागूं नये. तुमच्या धंद्यांत नवख्यानें काय शिकावें, एवढेंच विचारावें. नोकरी मागितली कीं समोरचा अवघडतो, माहिती विचारली कीं खुलतो. ग्रंथालय, व्यावसायिकांची संस्था, भजनी मंडळ, कांहींहि चालेल, पण एकच धरावें आणि वर्षभर नेमानें जावें. कोणी काम सांगितलें तर तें झाल्याचें आपण होऊन कळवावें; हें न करणारे फार. ज्यानें दुसऱ्याचें नांव सुचविलें त्याला निकाल काय लागला तें, नकार आला असला तरी, चार ओळींत लिहावें.

आणि शहरांत स्थिरावलेल्या कुटुंबांकडेहि थोडें काम येतें. चुडाव्याहून आलेल्या मुलाला किंवा मुलीला जेवावयास बोलावणारीं घरें अजून पुष्कळ आहेत. जेवण आटोपल्यावर शेजारच्या जिन्यांतील इंजिनियराकडे किंवा दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरांकडे त्यांना स्वतः घेऊन जाणारीं घरें त्या मानानें थोडीं. त्यासाठीं रविवारची दुपारची झोप मोडावी लागते.