जुना डबा आणि नवी डबी



पिंपळगाव बसवंतच्या बाजारसमितीत कांद्याची ट्रॉली उभी राहिली, की व्यापारी काही नुसता ट्रॉलीचा आकार पाहून बोली लावत नाही. तो ढिगात हात घालतो, वरचा काढतो, खालचा काढतो, आणि मग भाव निघतो. आज अशीच पारख आपल्याला एका वेगळ्या मालाची करायची आहे. हा माल शेतात पिकत नाही, पण त्याचे पैसे मात्र पुष्कळदा शेतातूनच येतात. मी बोलतो आहे कॉम्प्युटरबद्दल.

प्रसंग आता घरोघरचा झाला आहे. मुलगा दहावी-बारावीला आलेला. त्याला कॉम्प्युटर हवा असतो, अभ्यासासाठी असं तो म्हणतो, आणि खेळासाठीही, हे तो म्हणत नाही. पण वडिलांना ते कळतं. द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या पैशातून थोडी रक्कम बाजूला काढलेली असते. आणि समोर दोन वाटा असतात. एक वाट म्हणजे शहरातल्या कचेऱ्यांतून निघालेला जुना मोठा डबा, ज्याला आपण बोलताना सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो. दुसरी वाट म्हणजे जेवणाच्या डब्यापेक्षाही लहान अशी नवी डबी. दुकानदार म्हणतो, ‘जुना असला तरी आय-फाइव्ह आहे.’ मुलाचा मित्र म्हणतो, ‘नवीन तेच घ्या.’ वडील मधल्या मधे अडकतात.

तर दोन्हींच्या पोटात हात घालून पाहू. उदाहरणासाठी दोन चिपा घेऊ. जुनी आहे इंटेल कंपनीची कोअर आय-फाइव्ह २४००. ती जानेवारी २०११ मध्ये आली. नवी आहे त्याच कंपनीची एन-१००. ती आली जानेवारी २०२३ मध्ये. दोघींमध्ये बारा वर्षांचं अंतर. आता गंमत अशी, की कागदावर या दोघी जुळ्या बहिणी वाटतात. दोघींना चार-चार गाभे, म्हणजे एका वेळी चार कामं हाताळणारे चार मेंदू. दोघींचा जास्तीत जास्त वेग ३.४ गिगाहर्ट्झ. दोघींच्या पोटातली तात्पुरती साठवण ६ मेगाबाइट. फरक दिसतो तो एका आकड्यात. जुनीचा आकडा ९५ वॉट, नवीचा अवघा ६ वॉट.

हे वॉट म्हणजे काय, तेही नीट समजून घेऊ. हा मीटरवर पडणारा आकडा नव्हे. ठरलेल्या मापाने काम करताना चिप किती तापेल आणि किती उष्णता बाहेर काढावी लागेल, याचा तो अंदाज आहे. शिवाय नवी चिप थोडा वेळ सहा वॉटच्या वरही जाते; डबी बनवणारे तिला तशी मुभा देतात. तरीसुद्धा अंतर प्रचंडच राहतं.

मग कमी वीज खाणारी चिप कमी काम करत असेल, असं मनात येणं साहजिक आहे. पण आपल्या निफाड तालुक्यातल्या बागाईतदाराला हा घोटाळा व्हायचं कारण नाही. पूर्वी द्राक्षबागेला पाटाने पाणी दिलं जाई. निम्मं पाणी वाटेतच मुरे, काही उन्हाने उडे. मग ठिबक आलं. पाणी कमी झालं, पण वेलीला मिळायचं तेवढं मिळालंच. चिपचंही असंच झालं आहे. तिच्या पोटात कोट्यवधी बारीक बटणं असतात, त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. बटण जितकं बारीक, तितकी ते उघडायला-मिटायला लागणारी वीज कमी. आणि विजेचा दाबही कमी ठेवता येतो. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हे जरूर सांगावं: दाब निम्मा केला, तर प्रत्येक उघडझापीचा खर्च निम्मा होत नाही, तो चौथाईवर येतो.

राहिला वेग. गिगाहर्ट्झ म्हणजे चिपच्या काळजाचे ठोके. १९९३ साली पेन्टियम चिप आली. तिच्या घडणीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. त्या वेळी तिचे ठोके सेकंदाला साधारण सहा कोटी होते. आपल्या या दोन्ही चिपांचे ठोके सेकंदाला ३४० कोटींपर्यंत जातात. पण नुसते ठोके मोजून भागत नाही. विहिरीवरची मोटर किती फेरे घेते, यापेक्षा हौदात पाणी किती पडलं, ते आपण बघतो ना? तसं प्रत्येक ठोक्याला काम किती होतं, ते बघायला हवं. इथे नवी चिप पुढे आहे. बारा वर्षांत आखणी सुधारली, त्यामुळे त्याच ठोक्यात ती जास्त हिशेब उरकते. एकूण कामात ती त्या जुन्या आय-फाइव्हच्या बरोबरीला येते आणि थोडी पुढेही जाते.

आता खेळाकडे वळू. पडद्यावरचा खेळ म्हणजे हलणारी चित्रं. हलत्या चित्रांची विद्या आपल्या नाशिक जिल्ह्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून सरकतात आणि आपल्याला माणूस चालताना दिसतो. पण चित्रपटातली चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात. खेळात तसं नसतं. मुलाने डावीकडे वळायचं बटण दाबलं, की पुढचं चित्र त्या क्षणी नव्याने काढावं लागतं. खेळ सुरळीत वाटायचा, तर सेकंदाला निदान ३० आणि शक्य तर ६० चित्रं निघावी लागतात. म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग! यात प्रोसेसर सांगतो, कोण कुठे उभं आहे, गाडी कुठे धडकली. आणि रंगवून चित्र काढण्याचं काम करतो ग्राफिक्सचा भाग.

हा ग्राफिक्सचा भाग दोन्ही चिपांत जागच्या जागी बसवलेला आहे. जुनीमध्ये चित्र काढणारे सहा कारागीर आहेत असं समजा, तर नवीमध्ये चोवीस. शिवाय जुन्या कारागिरांना नव्या पद्धतीची चित्रकला येतच नाही. आजचे पुष्कळसे खेळ डायरेक्टएक्स १२ नावाच्या पद्धतीने लिहिलेले असतात. ती नवीला येते. जुनीच्या आतल्या ग्राफिक्सला ती येत नाही, म्हणून असे खेळ तिच्यावर सावकाश चालतात असंही नाही, ते उघडतच नाहीत. तेव्हा दोन्ही यंत्रं जशीच्या तशी, वर काही न जोडता घ्यायची असतील, तर खेळासाठी नवी डबी निःसंशय सरस. व्हाइस सिटी, सॅन आंद्रियास, काउंटर-स्ट्राइक १.६ असे जुने खेळ ती सहज चालवते. २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर आलेला जीटीए फाइव्हही चालतो, मात्र चित्राची बारकाई बरीच कमी करून.

पण थांबा. इथेच जुन्या डब्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे.

जुन्या डब्याला एक दार आहे. त्याच्या आतल्या पाटीवर एक लांब खाच असते. तीत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवता येतं. समजा, २०१४ साली आलेलं जीटीएक्स ७५० टीआय हे कार्ड घेतलं. ते ६० वॉट घेतं आणि त्याला निराळी वायर जोडावी लागत नाही, खाचेतूनच वीज मिळते. त्या कार्डाला स्वतःची दोन गिगाबाइट स्मृती असते आणि तिच्यातून सेकंदाला सुमारे ८६ गिगाबाइट माहितीची ये-जा होते. नव्या डबीत रॅमला एकच वाट. साध्या डीडीआर-४ रॅमवर तिथून सेकंदाला साधारण २५ गिगाबाइट जातं, आणि त्यातही प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघे वाटेकरी. एकाच पाटावर दोन शेतं भिजवायची म्हटल्यावर काय होतं, ते मी सांगायला नको. म्हणून कार्ड बसवलेला जुना डबा मोठ्या खेळांत नव्या डबीला मागे टाकतो. नव्या डबीला पुढे शक्ती वाढवायची म्हटलं, तर अशी खाच बहुतेक वेळा नसतेच.

मात्र कार्ड घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. कचेरीतून आलेले बरेच डबे आडवे किंवा बारीक असतात, त्यांत अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं. दुसरं, आतला एसएमपीएस किती वॉटचा आहे, ते त्यावरच्या चिठ्ठीवर वाचावं. तिसरं, डब्यात जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल, तर ती बदलून एसएसडी घ्यावी. एसएसडीने खेळातली चित्रं वाढत नाहीत, पण यंत्र सुरू होणं आणि खेळ उघडणं फार लवकर होतं.

जुन्याची दुसरी अडचण वयाची आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ या जुन्या चिपला अधिकृतपणे स्वीकारत नाही, नवीला स्वीकारतं. व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागतो. काही नव्या खेळांना एव्हीएक्स-२ नावाच्या आज्ञा लागतात, त्या जुन्या चिपला ठाऊकच नाहीत. कार्ड कितीही चांगलं बसवलं, तरी या उणिवा भरून निघत नाहीत. जुन्यावर लिनक्स घालून अभ्यासाचं काम उत्तम चालतं, ही गोष्ट मात्र शाळांनी ध्यानात ठेवावी.

आता विजेचा हिशेब. समजा, खेळताना जुना डबा १०० वॉट घेतो आणि नवी डबी २०. रोज चार तास, महिना तीस दिवस. जुन्याचे झाले १२ युनिट, नवीचे २.४. फरक साडेनऊ युनिटांच्या आसपास. युनिटला आठ रुपये धरले, तरी महिन्याला ७७ रुपये. म्हणजे घरात चालता जुना डबा असेल, तर केवळ वीजबचतीसाठी तो टाकून नवी डबी घेणं हा काही फायद्याचा सौदा नाही.

पण हाच हिशेब शाळेत नेला, की चित्र पालटतं. दहा यंत्रांचा वर्ग घ्या. एकेका पडद्याला २० वॉट धरा. जुने दहा डबे भरात चालले, तर १,२०० वॉट. नव्या दहा डब्या ४०० वॉट. वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टर साधारण सहा-सातशे वॉटचा भार उचलतो. एका इन्व्हर्टरवर नव्यांचा अख्खा वर्ग चालू राहतो. जुन्यांचा वर्ग मात्र तास अर्ध्यावर टाकून उठतो. खेडेगावातल्या मुलाला आठवड्यातून कॉम्प्युटरचा एखाददुसरा तास मिळत असेल, तर तो बुडणं किती मोठं नुकसान आहे, हे गुरुजींनाच विचारा. त्यात एप्रिल-मेचं ऊन आणि खळ्यावरची धूळ. मोठा पंखा धूळ आत ओढतो. सहा वॉटची चिप काही डब्यांत पंख्याशिवायही चालते.

तेव्हा मंडळी, निर्णय कसा करावा? घरी अभ्यास, अर्ज, व्हिडिओ आणि जुने हलके खेळ एवढंच हवं असेल, तर नवी डबी घ्यावी. मुलाला मोठे खेळ खेळायचेच असतील, जुना डबा स्वस्तात मिळत असेल, त्यात पूर्ण कार्ड मावत असेल आणि एसएमपीएस पुरेसा असेल, तर जुना डबा आणि कार्ड ही जोडी घ्यावी. पण ती थोड्या वर्षांची सोबत आहे, हे समजूनच. शाळेने मात्र नव्या डब्यांचाच विचार करावा. आणि दुकानात गेल्यावर आय-फाइव्ह या नावाला किंवा डब्याच्या आकाराला भुलू नये. चिप कोणत्या सालची, ते विचारावं. मुलाच्या आवडीचा एक खेळ तिथेच लावायला सांगावा आणि सेकंदाला किती चित्रं निघतात, तो आकडा पडद्यावर पाहूनच पैसे मोजावेत.

या खरेदीला मुलालाही बरोबर न्यावं. वॉट, युनिट, ठोके, चित्रं यांचा हिशेब त्यालाच मांडायला लावावा. खेळाच्या ओढीने का होईना, तो त्या दिवशी पदार्थविज्ञानाचा एक धडा मनापासून शिकेल, आणि घरचा पैसा कसा तोलून खर्च करायचा, तेही शिकेल.